लाल गटातलं नाव

१

शाळेत नाव घालायच्या दिवशी आपला कान पुरला होता की नव्हता, हे कोंडाजींना खात्रीने सांगता येत नसे.

त्या काळी खेड्यात जन्माचा कागद कुणाकडे नसायचा. मूल शाळेत आणलं की मास्तर सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. बोटं कानाला लागली तर मूल सहाचं झालं, नाहीतर ते बिगारीत, म्हणजे पहिलीच्या खालच्या वर्गात, बसायचं. मग मास्तर जन्मतारीख म्हणून एक जून लिहून टाकायचे. विंचूरजवळच्या त्यांच्या गावातली निम्मी पिढी अशी एक जूनला जन्मलेली होती. कोंडाजींची तारीखही तीच.

त्यांना आठवायचं ते असं. शेणाने सारवलेली जमीन, दारात उभी असलेली आई, मास्तरांच्या हातातली लाकडी पट्टी. आपण हात डोक्यावरून नेतो, बोटं केसांत चाचपडतात आणि कान बोटभर लांब राहतो. मास्तर म्हणतात, "पुरत नाही." आणि त्याच जमिनीवर उभं राहून पहिल्या झटक्यात कान हातात आल्याचंही त्यांना आठवायचं. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. कोंडाजींनी संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेली, तीस वर्षं तोच विषय शिकवलेला. दोनातली एक आठवण खोटी आहे एवढं त्यांना कळायचं. कुठली, ते कळायचं नाही.

त्यामुळे बोटीचा फॉर्म भरायचं काम मुलाने त्यांच्यावर टाकलं तेव्हा ते वयाच्या रकान्यापाशीच अडले.

दिवाळीच्या सुट्टीत चौघांनी मुंबईहून बोटीने फिरून यायचं ठरलं होतं. मुलगा बुद्धभूषण, सून संजना, नात साक्षी आणि ते. बोटीवर मुलांसाठी वेगळ्या खोल्या होत्या. तीन ते सहा वर्षांची मुलं लाल गटात, सात ते नऊची पिवळ्या गटात. वय धरायचं ते बोटीवर चढायच्या दिवशी पूर्ण झालेलं. साक्षीला सात पूर्ण होणार होती सफरीच्या तिसऱ्या दिवशी.

"नियमाने ती लाल गटात बसते," कोंडाजी जेवताना म्हणाले.

"दादा, दोन दिवसांचा प्रश्न आहे," संजना म्हणाली. "लाल खोलीत लाळ गाळणारी पोरं असणार. ही तिथे बसून काय करेल?"

"पण तारीख..."

"तारखेचं तुम्ही बोलूच नका दादा," बुद्धभूषण हसत म्हणाला. "तुमच्या सगळ्या गावाचा वाढदिवस एकाच केकवर उरकेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी गंगापूर रोडच्या त्या फ्लॅटमध्ये आजोबा आणि नात दोघंच होते. कोंडाजी लॅपटॉपपुढे बसले. त्यांनी साक्षीच्या नावापुढे लाल गट निवडला. मग त्यांना एकदम वाटलं आणि त्यांनी तिला समोर उभं केलं.

"हात डोक्यावरून ने. डावा कान धर बघू."

साक्षीने धरला. वर तो ओढूनही दाखवला.

"आजोबा, ही कसली परीक्षा?"

"जुनी. पास झालीस."

त्यांनी मागे जाऊन लाल काढलं, पिवळं घातलं आणि फॉर्म पाठवून दिला. एवढंच केलं. निदान त्यांना आठवत होतं ते एवढंच.

२

या सफरीत कोंडाजींची एक परीक्षा होती, आणि ती घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती.

ऑगस्टमध्ये साक्षीच्या शाळेच्या बसला ते चाळीस मिनिटं चुकले होते. चुकले म्हणजे उभे होतेच, पण सोसायटीच्या मागच्या फाटकाशी. पोर पुढच्या फाटकाशी दप्तर घेऊन वॉचमनच्या खुर्चीत बसून होती. कुणी रागावलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी फ्रिजवर एका पाळणाघराचा कागद चिकटलेला दिसला.

निघायच्या आदल्या दिवशी संजना त्यांच्याजवळ येऊन बसली. ती बँकेत होती. अवघड गोष्ट सरळ सांगायची तिला सवय होती.

"दादा, बोटीवर तिला खोलीत सोडणं आणि आणणं तुमच्याकडे. नीट जमलं तर पाळणाघराचा विषयच बंद. नाहीतर जानेवारीपासून ती शाळेतून परस्पर तिकडे जाईल. तुम्हाला वाईट वाटेल, पण मला ऑफिसात जीव थाऱ्यावर ठेवून बसता आलं पाहिजे."

"बरोबर आहे तुझं," कोंडाजी म्हणाले.

बरोबरच होतं. पण साक्षी दुपारी घरी आली नाही तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात त्या फ्लॅटमध्ये कोण बोलणार होतं? पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. मागे फ्रिजची मोटर सुरू झाली तरी ते वळून बघायचे, इतकी शांतता तिथे असायची.

बोटीवर प्रत्येक केबिनच्या दाराला एक पाकीट अडकवलेलं होतं. कोंडाजी आणि साक्षी एका केबिनमध्ये, तिला खिडकी नव्हती. साक्षीने पाकीट फोडलं. आत मनगटात घालायचे प्लास्टिकचे दोन पट्टे निघाले. पिवळ्यावर साक्षीचं नाव होतं. लाल पट्ट्यावर लिहिलं होतं: कोंडाजी. गट तीन ते सहा.

बुद्धभूषण इतका हसला की त्याला पलंगावर बसावं लागलं. "दादा, तुम्ही स्वतःलाच खेळायला पाठवलंत. डबा द्यायचा का बरोबर?"

संजनाही हसली. पण हसता हसता तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं कोंडाजींच्या नजरेतून सुटलं नाही.

चूक कशी झाली ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. लाल काढून पिवळं घालताना वरची ओळ, म्हणजे त्यांची स्वतःची, धरली गेली असणार. साक्षीचं लाल तिथे जाऊन बसलं. चूक साधी होती, समजण्यासारखी होती. त्यांनी तो पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला.

३

मुलांच्या खोल्या सातव्या मजल्यावर होत्या. शेजारी शेजारी दोन दारं, एक लाल आणि एक पिवळं, दोन्हींना बोटीच्या खिडकीसारखी गोल काच. मधे टेबल टाकून एक मुलगी बसली होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं स्नेहल.

"नाशिकचे का तुम्ही? मी जेलरोडची," ती खुश होऊन म्हणाली. मग टॅबवर बोट फिरवत विचारलं, "काका, तुमची दोन नावं आहेत. साक्षी पिवळ्यात, कोंडाजी लाल. छोटा कुठंय?"

"छोटा मीच."

तीही हसली. नाव काढून टाकते म्हणाली. साक्षी पिवळ्या दारातून आत पळाली आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

चार ते सहा हे दोन तास कोंडाजींनी डेकवर एका खुर्चीत काढले. चोहीकडे माणसं होती. कुणी गटाने पत्ते खेळत होतं, कुणी नाचायला शिकत होतं. प्रत्येक वयाला बोटीवर काहीतरी नेमून दिलेलं दिसत होतं. शेजारच्या खुर्चीवरचा टॉवेल वाऱ्याने उडाला, तो उचलायलाही कुणी आलं नाही.

सहाला पाच कमी असतानाच ते टेबलापाशी हजर होते. साक्षी बाहेर आली. त्यांनी टॅबवर बोटाने सही केली.

"आणि इथे," स्नेहल म्हणाली.

दुसरी ओळ होती. कोंडाजी. आत: ४.०५. बाहेर: पुढे कोरं.

"हे नाव तुम्ही काढणार होतात ना?"

"काढलं होतं काका." तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आमच्या मॅडमनी परत घातलं वाटतं. लाल खोलीत मुलं मोजली तर तेरा भरत होती आणि यादीत बारा. मग त्यांना वाटलं, हेच राहिलं."

"हलती मुलं मोजताना एकाची चूक होतेच," कोंडाजी म्हणाले. हे त्यांनी वर्गात कितीदा सांगितलं असेल.

"तेच ना," स्नेहल म्हणाली. "तीनदा मोजली हो पण."

त्यांनी दुसऱ्या ओळीवर सही केली नाही. जे मूल नाही ते घेऊन गेलो, असं कसं लिहून द्यायचं?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल पट्टा आरशाखाली ठेवलेला होता. केबिन झाडणाऱ्याने डब्यातून काढून परत ठेवला असणार. अशा वस्तू लोक चुकून टाकतात. कोंडाजींनी तो आपल्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात घातला आणि चेन ओढली.

संध्याकाळी साक्षीला घेऊन परत येताना लांबच लांब गालिच्यावरून दोघं चालत होते. त्या बोळात खिडक्या नव्हत्या. कुठल्याशा यंत्राची घरघर पायाखालून सतत जाणवायची. मधूनच तिला चाल यायची, जशी पाढे म्हणणाऱ्या वर्गाला येते.

"आजोबा, लाल खोलीतला एक मुलगा सारखं असं करतो." साक्षी थांबली आणि तिने उजवा हात डोक्यावरून नेला.

"तू शिकवलंस का सगळ्यांना?"

"नाही. दोन खोल्यांमधल्या काचेतून दिसतो तो. त्याचा पुरतच नाही." तिने बोटं कानाच्या थोडी वर धरली. "इथपर्यंतच येतो. मग परत करतो."

"त्याचं नाव काय?"

"माहीत नाही. तो कुणाशी बोलत नाही. सगळे खेळतात आणि तो दाराकडे तोंड करून उभा राहतो. त्याला न्यायला कुणी येत नाही का?"

कोंडाजींनी चालता चालता हिशेब मांडला. साक्षीने ही गंमत काल कुणाला तरी दाखवली असणार. मुलं एकमेकांचं बघून करतात. पाच वर्षांच्या मुलाचा हात पुरत नाहीच, म्हणून तर ती परीक्षा होती. सगळं जमत होतं. ज्या गोष्टीचं कारण इतकं सहज सापडतं, तिच्यासाठी आपले तळवे का भिजावेत, एवढंच त्यांना समजेना.

"आईला सांगू नकोस हं हे," ते म्हणाले. आणि हे वाक्य आपण का बोललो, तेही त्यांना समजेना.

जेवताना संजना म्हणाली, "काय दादा, जमतंय ना?"

"मस्त," कोंडाजी म्हणाले.

"पाच मिनिटं आधीच पोचतात," बुद्धभूषणने वडिलांची बाजू घेतली. "मी कालच पाहिलं."

संजनाने त्यांच्या ताटात स्वतःहून भात वाढला. पाळणाघर मागे पडत चाललं होतं. ते तिच्या हातातल्या चमच्यावरून कळत होतं.

५

तिसरा दिवस साक्षीचा. सकाळी केक कापून झाल्यावर तिचा नवा फ्रॉक शोधायला म्हणून कोंडाजींनी बॅग उघडली. बाजूच्या कप्प्याची चेन बंदच होती. आत लाल पट्टा होता.

काल तो सरळ होता. आज त्याचं कडं झालेलं होतं. हा पट्टा एकदा लावला की उघडत नाही, कातरीने कापावा लागतो, हे साक्षीच्या पट्ट्यावरून त्यांना माहीत झालं होतं. शेवटून दुसऱ्या भोकात बटण दाबलेलं होतं. कोंडाजींनी त्यात दोन बोटं घातली. तिसरं गेलं नाही.

साक्षीने खेळता खेळता लावला असेल, असं त्यांनी ठरवलं. तिला विचारायचं मात्र त्यांनी टाळलं.

त्या दिवशी खोल्या शेवटच्या उघडणार होत्या. सहाला सगळी मुलं सहीनिशी पालकांच्या ताब्यात द्यायची आणि कुलूप लावायचं, असा नियम होता. कोंडाजी पावणेसहालाच गेले. बोळ आईबापांनी भरला होता. एकेक मूल नाव पुकारून बाहेर येत होतं. सह्या होत होत्या, गर्दी विरळ होत होती. साक्षी आली, हातात कागदाचा मुकुट. कोंडाजींनी सही केली.

शेवटी टेबलापाशी ते, साक्षी आणि स्नेहल एवढेच उरले.

"काका," स्नेहल म्हणाली. आज ती हसली नाही. "तेवढं एक न्या ना."

"कोण एक?"

"मला माहीत नाही हो. यादीत एकच नाव उरलंय. मॅडम वर गेल्यात. मी आवरायला आत गेले तर..." ती थांबली. साक्षीकडे बघून तिने आवाज खाली आणला. "तुमचं नाव सांगतोय तो. स्वतःचं म्हणून."

कोंडाजी लाल दारापाशी गेले. गोल काच त्यांच्या छातीच्या उंचीवर होती, त्यांना वाकावं लागलं.

आतले निम्मे दिवे घालवलेले होते. छोट्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या. एक खाली राहिली होती. तिच्याशेजारी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. घरी शिवलेला, मापाला मोठा सदरा. उजवा हात डोक्यावरून पलीकडे गेलेला, आणि बोटं डाव्या बाजूच्या केसांत हळूहळू पुढे सरकत होती. कान बोटभर लांब राहिला. हात खाली आला. पुन्हा वर गेला.

आणि दाराच्या अलीकडे उभ्या असलेल्या कोंडाजींना आपल्याच डोक्यावर ती बोटं जाणवली. तेल न लावलेले राठ केस. खांद्यात ताणल्याची कळ. एकदा जर पुरला असता तर आपल्याला पहिलीत बसू दिलं असतं, अशी लाज.

ते पाठमोरं डोकं वळायला लागलं.

"दादा?"

बोळाच्या टोकाकडून संजना येत होती. साक्षीचा केक उरला होता तो घेऊन ती पोरांना वाटायला आली होती. "काय झालं? काय बघताय?"

एक सही. तेवढीच हवी होती, बोटाने करायची. पण सही केली असती तर दार उघडून कुणाचा तरी हात धरून बाहेर यावं लागलं असतं, संजनाच्या समोर. आणि हात रिकामा निघाला असता तरी, न निघाला असता तरी, जानेवारीपासून साक्षी घरी आली नसती.

"काही नाही," कोंडाजी सरळ उभे राहत म्हणाले. "फॉर्म भरताना माझीच चूक झाली होती. तेच एक नाव राहून गेलंय."

"हात्तिच्या," संजना म्हणाली.

स्नेहल त्यांच्याकडे बघत राहिली. "मग काका, कुलूप लावून घेऊ?"

"घ्या लावून."

त्यांनी साक्षीचा हात धरला. बोळ संपेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही. साक्षीने पाहिलं. तिने मुकुट काढून हातात घेतला.

६

नाशिकला आल्यावर आठवड्याभराने त्यांनी विंचूरला थोरल्या बहिणीला फोन केला. भागीबाई ब्याऐंशीच्या होत्या. कानाने कमी, बाकी ठणठणीत.

"अक्का, माझ्याआधी कुणी होतं का गं?"



"आता कशाला रं ते उकरतो?"

"सांग ना."

"व्हता एक. पाच वरसाचा झाला न् गेला. त्याच्या आधीची बी जगली न्हवती, म्हून कोंडाजी ठिवलं व्हतं त्याचं नाव. जन्मल्यावर सुपात कोंडा घालून त्याच्यात निजवलं व्हतं. पर नाय राह्यला. मंग दोन वरसानं तू झाला. माय म्हनायची, त्योच आला. तेच नाव ठिवलं मग."

"मला कुणी कधी बोललं नाही."

"बोलायचं न्हवतंच. मायनं शप्पथ घातली व्हती."

"तो शाळेत गेला होता का?"

"मला काय ठावं बाबा. मी लहान, मामाकडं व्हते मी." मग त्या म्हणाल्या, "नात बरी हाय ना तुझी? तिला जप."

फोन ठेवून कोंडाजींनी पुन्हा हिशेब मांडला. आई आपल्यासमोर कधीतरी काहीतरी बोलली असणार, आपण ते पाळण्यात ऐकलं असणार, आणि पुढे मनाने त्याचं चित्र केलं असणार. मन असं करतं. त्यावर लोकांनी प्रबंध लिहिलेले आहेत. बोटीवरचं मूल कुणा परक्याचं असणार. आपण तिथून निघाल्यावर त्याचे आईबाप आलेच असणार.

पाळणाघराचा कागद फ्रिजवरून निघाला. पुढची पाच वर्षं कोंडाजी रोज बसच्या वेळेआधी दहा मिनिटं पुढच्या फाटकाशी उभे राहिले, एकदाही चुकले नाहीत. साक्षी बसमधून उतरायची, दप्तर त्यांच्याकडे द्यायची. बोटीबद्दल तिने कधी काही विचारलं नाही. फक्त वर्गात नाव नोंदवायचं असो की सहलीला, हजेरी घेताना तिला आपलं नाव दोनदा सांगायची सवय लागली.

७

पाच वर्षांनी साक्षीच्या जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेतला उतारा लागला. तोवर भागीबाई गेल्या होत्या. कोंडाजी एकटेच एसटीने विंचूरला आणि तिथून रिक्षाने गावी गेले. शाळा आता सिमेंटची होती. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, फुंकर मारली आणि पानं चाळली.

"सर, कोंडाजी गोटीराम दोन आहेत," ते म्हणाले. "तुम्ही कुठले?"

कोंडाजींनी चष्मा लावला.

दुसरी नोंद त्यांचीच होती. दाखल सन एकोणीसशे चौपन्न, इयत्ता पहिली, जन्म एक जून अठ्ठेचाळीस. चौथी पास होऊन शाळा सोडल्याची तारीख, पुढे वडिलांचा अंगठा.

पहिली नोंद आठ वर्षं आधीची. नाव तेच, जन्म एक जून एक्केचाळीस. शेऱ्याच्या रकान्यात जांभळ्या शाईने लिहिलं होतं: कान पुरत नाही. बिगारीत बसवले. त्याच्या पुढचे दोन रकाने, शाळा सोडल्याची तारीख आणि नेणाऱ्याची सही, कोरे होते.